कूतचा वेढा, पुण्याची सहावी डिव्हिजन आणि ऑगस्ट 1917 ची घोषणा

शिवारवाट :

28 एप्रिल 1916 रोजी बेळगावात लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली आणि दुसऱ्याच दिवशी, 29 एप्रिलला, आजच्या इराकमध्ये (तेव्हाच्या मेसोपोटेमियात) टायग्रिसच्या काठी कूत येथे ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. पहिली घटना आपल्या शालेय पुस्तकांत आहे, दुसरी बहुधा नाही. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट कार्यकारणसंबंध नव्हता. पण हिंदुस्थानात जबाबदार राज्यपद्धती आणण्याचे ब्रिटिश धोरण जाहीर करणाऱ्या, 20 ऑगस्ट 1917 च्या माँटेग्यू घोषणेकडे जाणारे दोन रस्ते या दोन ठिकाणांहून निघतात, आणि त्यांपैकी एकच आपण शिकतो व शिकवतो, असे माझे मत आहे. दुसऱ्या रस्त्याची नीट चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

तुर्कस्तान युद्धात उतरताच नोव्हेंबर 1914 मध्ये हिंदुस्थानातून निघालेली फौज इराकच्या दक्षिण टोकाला फाव येथे उतरली. अबादान येथील तेलशुद्धीकरण कारखान्याचे आणि इराणी आखातातील ब्रिटिश हितसंबंधांचे रक्षण करणे एवढाच तिचा मूळ हेतू होता. त्याच महिन्यात बसरा हाती आले, डिसेंबरात कुर्ना पडले आणि एप्रिल 1915 मध्ये शैबा येथे तुर्कांचा मोठा प्रतिहल्ला परतवला गेला. येथवर सर्व हिशेबात होते. पुढे जनरल निक्सन सेनापती म्हणून आले, पुणे डिव्हिजनची सूत्रे मेजर जनरल टाउनशेंड यांच्याकडे गेली, आणि प्रत्येक सोप्या विजयानंतर 'आणखी थोडे वर' असे म्हणत फौज नदीच्या उगमाच्या दिशेने सरकू लागली. जूनमध्ये अमारा अत्यल्प हानी सोसून मिळाले, सप्टेंबरच्या अखेरीस कूत मिळाले, आणि त्यानंतर बगदादचा मोह कोणालाच आवरला नाही.

हा मोह केवळ निक्सन यांचा नव्हता. गॅलिपोलीत अपयश पदरी पडत असताना लंडनच्या मंत्रिमंडळाला कोठून तरी एक ठसठशीत विजय हवा होता. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांना पूर्वेकडील प्रतिष्ठेची चिंता होती. सिमल्यात बसलेले सरसेनापती सर ब्यूशाँप डफ यांच्या हाती किचनेरच्या काळापासून लष्कराचा सारा कारभार एकवटलेला होता आणि रणभूमी त्यांच्यापासून शेकडो कोस दूर होती. पुढे जाण्याइतके सैन्य, होड्या आणि औषधपाणी आपल्यापाशी नाही, अशी शंका टाउनशेंड यांनी बोलून दाखवली होती. तरीही 23 ऑक्टोबर 1915 च्या तारेने लंडनहून अनुमती आली.

22 नोव्हेंबर 1915 रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे, म्हणजे सलमान पाकच्या त्या पुरातन कमानीच्या परिसरात, लढाई झाली. या डिव्हिजनच्या मूळ तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती : सोळाव्या ब्रिगेडमध्ये 117 मराठा, सतराव्यात 103 मराठा लाइट इन्फंट्री आणि अठराव्यात 110 मराठा लाइट इन्फंट्री. म्हणजे त्या दिवशी मोर्चाच्या कोणत्याही भागात माणसे पडली, तरी त्यांत सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसे असणारच होती. तुर्कांची पहिली फळी काबीज झाली, पण टाउनशेंड यांचे सुमारे 4,500 लोक मेले किंवा जखमी झाले, राखीव फौज मागे काहीच नव्हती, आणि माघारीला पर्याय उरला नाही. 3 डिसेंबरला थकलेली डिव्हिजन कूतमध्ये परतली, चार दिवसांत वेढा पडला आणि तो 147 दिवस टिकला.

टेसिफॉनच्या जखमींचे काय झाले, ते येथे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण पुढचे सारे राजकारण तेथूनच पेटले. डिव्हिजनपाशी रुग्णवाहिका अशा नव्हत्याच. मांडीचे हाड मोडलेली, पोटात गोळी बसलेली माणसे सामान वाहणाऱ्या, स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून खडबडीत वाटेने नदीपर्यंत आणली गेली. तेथून 'मेजिदिये' नावाच्या आगबोटीवर आणि तिला बांधलेल्या तराफ्यांवर त्यांना खचाखच भरून बसऱ्याकडे धाडण्यात आले. ही बोट बसऱ्याला लागली, तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर धक्क्याजवळच्या 'वरेला' या रुग्णालयी जहाजावर होते. त्यांनी नंतर दिलेल्या साक्षीत असे वर्णन आहे की, लांबून त्यांना बोटीच्या कडेने दोर लोंबताहेत असे वाटले. बोट जवळ आल्यावर कळले की ती वाळलेली विष्ठा आहे, कारण जखमींना जागचे हलता येत नव्हते आणि त्यांना हलवणारेही कोणी नव्हते. कार्टर यांनी तक्रार केली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच तोंड बंद ठेवण्याची, नाहीतर हुद्दा जाईल, अशी धमकी दिली. त्याच सुमारास निक्सन यांच्या मुख्यालयातून जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याच्या तारा जात होत्या.

या साऱ्याला वाचा फुटली, तेव्हा ब्रिटिश संसदेत वादळ उठले. फेब्रुवारी 1916 मध्ये मोहिमेचे नियंत्रण हिंदुस्थान सरकारकडून काढून लंडनच्या युद्धखात्याकडे देण्यात आले, आणि कूत पडल्यानंतर ऑगस्ट 1916 मध्ये खास कायदा करून मेसोपोटेमिया चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन होते. 1895 ते 1903 या काळात भारतमंत्री असलेले, पुण्यातील प्लेगचा जाच आणि 1897 चा टिळकांवरील राजद्रोहाचा खटला ज्यांच्या अमदानीत झाला, तेच हे गृहस्थ. हिंदुस्थान सरकारशी वैर असलेला हा माणूस नव्हता. अशा माणसाच्या सहीने जून 1917 च्या अखेरीस जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात दोषाचा सर्वांत मोठा वाटा निक्सन यांच्यावर, आणि त्यांच्या मागोमाग हार्डिंज, डफ, इंडिया ऑफिसचे लष्करी सचिव बॅरो, भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन आणि मंत्रिमंडळाची युद्धसमिती यांच्यावर ठेवण्यात आला.

12 जुलै 1917 रोजी कॉमन्स सभेत या अहवालावर चर्चा झाली. ज्या खात्यावर ठपका आला, त्याचा मंत्री म्हणून आपण पदावर राहू शकत नाही, असे सांगून चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्याच चर्चेत एडविन माँटेग्यू यांनी, हिंदुस्थान सरकार इतके ताठर, इतके लाकडी, इतके पुराणे झाले आहे की आजच्या कामाला ते निरुपयोगी आहे, असा घणाघात केला. पाच दिवसांनी तेच भारतमंत्री झाले आणि महिन्याभरात त्यांनी ती घोषणा केली.

माझे म्हणणे असे आहे की कूतच्या पराभवाने ब्रिटिश राज्याच्या एका दाव्याचा पाया काढून घेतला. 'आमचे राज्य लोकांच्या संमतीने चालत नसेल, पण ते कार्यक्षम आहे' हा तो दावा. खुद्द ब्रिटिश आयोगाने तो खोटा ठरवल्यावर स्वराज्याच्या मागणीला 'तुम्हांला कारभार जमणार नाही' असे उत्तर देणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. जाणकारांनी आपले मत अवश्य मांडावे.

दप्तरदार :

लेख आवडला. टेसिफॉननंतरच्या हकिकतीबद्दल दुमत नाही. मात्र निष्कर्षाबाबत माझा आक्षेप आहे आणि तो सविस्तर मांडतो.

घोषणेची तयारी मेसोपोटेमिया अहवालाच्या बऱ्याच आधीपासून चालू होती. एप्रिल 1916 मध्ये आलेले व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी आपल्या कार्यकारी मंडळापुढे पहिल्यापासूनच, ब्रिटिश राज्याचे हिंदुस्थानातील अंतिम ध्येय काय, हा प्रश्न ठेवला होता, आणि त्यावरचा सरकारी खलिता 24 नोव्हेंबर 1916 रोजी लंडनला गेला. 1917 च्या उन्हाळ्यात चेंबरलेन स्वतःच हा विषय मंत्रिमंडळापुढे रेटत होते. शिवाय डिसेंबर 1916 मध्ये काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात लखनौ करार झाला, मार्च 1917 मध्ये रशियात झारशाही कोसळली, आणि जूनमध्ये मद्रास सरकारने अ‍ॅनी बेझंट यांना स्थानबद्ध केल्यावर तोवर काठावर असलेले कितीतरी मवाळ होमरूलच्या बाजूला आले. ही सारी कारणे एकत्र घेतली, तर घोषणा 1917 च्या अखेरीपर्यंत कोणत्याही मंत्र्याला करावीच लागली असती.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. घोषणेतील 'जबाबदार राज्यपद्धती' हे शब्द माँटेग्यूंचे नाहीत, ते लॉर्ड कर्झन यांनी घातलेले आहेत. माँटेग्यूंच्या मसुद्यात स्वराज्याचा उल्लेख होता आणि तो मंत्रिमंडळातील काहींना खटकत होता. वंगभंग करणाऱ्या कर्झन यांच्या लेखणीतून ही शब्दरचना उतरली असेल, तर कूतने हृदयपरिवर्तन झाले, असे कसे म्हणावे? कूतने माणूस बदलला, दिशा बदलली नाही, एवढेच मी मान्य करीन.

शिवारवाट :

दप्तरदार, तुमचे तपशील मला मान्य आहेत आणि हृदयपरिवर्तनाचा दावा मी करतही नाही. माझा मुद्दा वेगाचा आणि युक्तिवादाच्या बळाचा आहे. नोव्हेंबर 1916 चा खलिता आठ महिने चर्चेच्या घोळात पडून होता. त्या खलित्यातील भाषाही अत्यंत सावध होती. स्वराज्य हे दूरचे क्षितिज मानून स्थानिक स्वराज्य संस्था आणि कौन्सिलांचा विस्तार यांवरच तिचा भर होता. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या विसाव्या तारखेपर्यंतच्या पाच आठवड्यांत जे घडले, ते आधीच्या आठ महिन्यांत घडले नव्हते, याला काही कारण असलेच पाहिजे.

शिवाय आयोगातील अल्पमताची पत्रिका पाहावी. कमांडर वेजवुड हे मजूरवर्गाकडे झुकलेले उदारमतवादी खासदार होते आणि त्यांनी बहुमताहून वेगळा, अधिक कठोर अहवाल लिहिला. हिंदुस्थान सरकारने या युद्धात जिद्दीने साथ दिली नाही, हा त्यांचा मुख्य आरोप होता. पण त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय हिंदी लोकांना कारभारात अधिक वाटा देण्याचा होता. लष्करी पराभवाच्या चौकशीत स्वराज्याचा प्रश्न असा थेट शिरला, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

कर्झन यांच्याबद्दल इतकेच म्हणेन की मेसोपोटेमियाच्या वादळानंतर मंत्रिमंडळाला काहीतरी ठोस द्यावेच लागणार होते, आणि ते किती द्यावे एवढ्यावरच कर्झन यांचा प्रभाव चालला.

बंदरकर :

राजकारणाची चर्चा उत्तम चालली आहे. मी वाहतुकीकडे लक्ष वेधू इच्छितो, कारण जलवाहतूक समजली नाही तर कूत का पडले, ते कळत नाही.

त्या काळच्या बसऱ्यास बंदर म्हणावे अशी सोयच नव्हती. समुद्रगामी जहाजे शत्त-अल-अरबच्या पात्रात नांगर टाकून उभी राहत आणि माल स्थानिक महेला होड्यांत उतरवावा लागे. त्यामुळे जहाजे आठवडेच्या आठवडे खोळंबत. बसऱ्याहून वर ना रेल्वे होती, ना पक्की सडक. पावसाळ्यात सारा मुलूख चिखलात जाई, उन्हाळ्यात नदी इतकी उथळ होई की थोड्या मोठ्या बोटी वाळूत रुतत. अशा नदीवर एका डिव्हिजनला पुरतील न पुरतील एवढ्या आगबोटी असताना फौज वाढवत नेली गेली. निक्सन यांनी 1915 च्या उन्हाळ्यात अधिक बोटी मागितल्या होत्या, बसरा ते नासिरिया रेल्वेचाही प्रस्ताव होता. तो पैशाच्या कारणावरून हिंदुस्थान सरकारने बाजूला ठेवला. शांततेच्या काळातील काटकसरीची सवय युद्धातही सुटली नाही.

परिणाम काय झाला, ते जानेवारी 1916 मध्ये दिसले. कूतच्या सुटकेसाठी जनरल एल्मर यांची फौज शेख साद, वादी, हन्ना अशा लढाया लढत असताना हजारो शिपाई आणि तोफा बसऱ्यातच अडकून पडल्या होत्या, कारण त्यांना वर नेण्यास बोटी नव्हत्या. मार्चमध्ये दुजैला येथे आणि एप्रिलमध्ये जनरल गॉरिंज यांच्या हाताखाली सन्नाय्यात येथे पुन्हा अपयश आले. वेढ्यातील सुमारे 13,000 लोकांना सोडवण्याच्या प्रयत्नात सुटकेच्या फौजेचे सुमारे 23,000 लोक मेले किंवा जखमी झाले. हा आकडा मला कूतच्या शरणागतीहूनही अधिक अस्वस्थ करतो.

याउलट डिसेंबर 1916 मध्ये जनरल मॉड पुढे सरकले, तेव्हा बसऱ्याजवळ धक्के बांधले गेले होते, बोटींचा ताफा अनेक पटींनी वाढला होता, आणि रेल्वेचे रूळ पडले होते. फेब्रुवारी 1917 मध्ये कूत परत घेतले गेले आणि 11 मार्चला बगदाद पडले. शिपाई बहुतांशी त्याच मुलखांतले होते. बदलली होती ती मागची व्यवस्था. ही व्यवस्था ज्यांच्या श्रमावर उभी राहिली, त्यांत हिंदुस्थानातील तुरुंगांतून शिक्षामाफीच्या आशेने नेलेल्या कैद्यांच्या मजूर पथकांचाही समावेश होता, ही बाब फारशी कोणाला माहीत नसते.

मुंबईचा संबंधही सांगतो. बसऱ्याहून आजारी आणि जखमी माणसे घेऊन येणारी जहाजे मुंबईलाच लागत. आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, ती घुमटाची इमारत तेव्हा नुकतीच पूर्ण झाली होती. युद्धकाळात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून 1922 मध्ये खुली झाली.

अनुजा_व :

वेढ्याच्या आतल्या माणसांविषयी कोणीतरी लिहायला हवे, म्हणून हा प्रतिसाद.

टाउनशेंड यांनी डिसेंबरात, आपल्यापाशी साधारण दोन महिन्यांचे अन्न आहे, असे कळवले होते. त्या अंदाजामुळेच एल्मर यांना अपुऱ्या फौजेनिशी घाईने हल्ले करावे लागले. जानेवारीच्या अखेरीस गावातील घरांची झडती घेतली, तेव्हा इतके धान्य सापडले की आणखी जवळपास तीन महिने काढता येतील असा हिशेब निघाला. ही झडती पहिल्याच आठवड्यात झाली असती, तर सुटकेच्या फौजेला पूर्ण तयारीनिशी येण्यास वेळ मिळाला असता. माझ्या मते साऱ्या मोहिमेतील सर्वांत अक्षम्य चूक हीच होय.

अन्न संपत आले, तसे तोफखान्याचे आणि रिसाल्याचे घोडे व खेचरे कापून मांस देणे सुरू झाले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी, हिंदू असोत वा मुसलमान, ते खाण्यास नकार दिला. परिणामी गोऱ्या शिपायांपेक्षा त्यांच्यात स्कर्व्ही कितीतरी अधिक पसरला. टाउनशेंड यांनी याचे खापर हिंदी शिपायांच्या हट्टावर फोडले आणि हाच सूर पुढे अनेक इंग्रजी लेखनात उतरला. शिपायांची बाजू साधी होती. वेढा उठल्यावर त्यांना आपापल्या गावी, आपल्या जातीच्या पंगतीत परत जायचे होते, आणि तेथे 'घोडे खाऊन आला' हा डाग पुसण्याचा अधिकार कोणा जनरलला नव्हता. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून अनुज्ञा मागवून ती बिनतारी संदेशाने कूतला कळवण्यात आली. तरीही बहुतेकांनी एप्रिल उजाडेपर्यंत मांसाला हात लावला नाही, आणि तोवर शरीरे इतकी खंगली होती की त्याचा उपयोग फारसा झाला नाही. हिरव्या पाल्याच्या शोधात लोक रानटी झुडपे खुडून शिजवत. सतराव्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर होटन अशीच विषारी भाजी खाऊन एप्रिलमध्ये मरण पावले, मग शिपायांची काय कथा?

एप्रिलच्या उत्तरार्धात माणशी पिठाचा शिधा दिवसाला 4 औंसांवर, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्याही खाली आला. विमानांतून पोती टाकण्याचा प्रयोग झाला. काही पोती नदीत, काही तुर्कांच्या खंदकात पडली. धान्य दळायला दगड हवा, म्हणून जात्याची तळीसुद्धा विमानातून टाकण्यात आली. 24 एप्रिलच्या रात्री 'जुलनार' ही आगबोट 270 टन शिधा घेऊन वेढा फोडून आत शिरण्यास निघाली आणि नदीवर आडव्या ताणलेल्या दोरखंडात अडकून तुर्कांच्या हाती पडली. अखेर टी. ई. लॉरेन्स यांच्यासह तीन अधिकाऱ्यांना तुर्की सेनापती खलील पाशाकडे 20 लाख पौंडांपर्यंतच्या रकमेचा प्रस्ताव घेऊन पाठवण्यात आले, तोही फेटाळला गेला.

शरण गेलेल्यांत सुमारे 7,000 हिंदी शिपाई आणि 3,200 हून अधिक बिनलढाऊ सेवक होते : भिस्ती, डोलीवाले, स्वयंपाकी, मेहतर, खेचरवाले. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर सन्मानाने ठेवण्यात आले. शिपायांना मात्र ऐन उन्हाळ्यात वाळवंटातून मोसुलमार्गे पायी चालवत नेले आणि रास अल-ऐन व अनातोलियातील रेल्वेच्या कामाला जुंपले. कैदेत गेलेल्या गोऱ्या शिपायांपैकी सुमारे 70 टक्के आणि हिंदी लोकांपैकी जवळपास एक तृतीयांश परत आले नाहीत.

कूतच्या रहिवाशांनाही या चर्चेत जागा मिळावी. वेढ्यात साधारण 6,000 अरब स्त्रीपुरुष आणि मुले अडकली होती. दोन्ही बाजूंच्या तोफा त्यांच्या घरांवर पडल्या, त्यांचे धान्य काढून घेण्यात आले, आणि शरणागतीनंतर इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून तुर्कांनी त्यांच्यापैकी कित्येकांना फासावर चढवले. मार्च 1917 मध्ये बगदाद घेतल्यावर 'आम्ही जिंकायला नव्हे, मुक्त करायला आलो आहोत' असे जाहीर करणारे फर्मान मॉड यांच्या नावाने निघाले. तीन वर्षांत, 1920 च्या उन्हाळ्यात, इराकी जनतेने त्याच राजवटीविरुद्ध बंड केले, आणि ते मोडण्यासही हिंदी पलटणीच वापरल्या गेल्या.

माणदेशी :

अनुजाताई, सेवकांचा उल्लेख केल्याबद्दल मनापासून आभार. माझा प्रतिसाद या माणसांच्या गावांविषयी आहे.

युद्ध लांबले, तशी पलटणींना माणसे कमी पडू लागली आणि सरकारला आपल्याच जुन्या धोरणाला मुरड घालावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती'च्या सिद्धान्ताखाली महारांची लष्करभरती बंद करण्यात आली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे आणि इतरांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, त्यांना दाद मिळाली नव्हती. 1917 मध्ये मात्र 111 महार ही पलटण उभी करण्यात आली. युद्धाची गरज सरताच 1921 मध्ये ती मोडूनही टाकली. महार रेजिमेंट उभी राहण्यास 1941 साल उजाडावे लागले. मेसोपोटेमियाने हिंदुस्थानी माणसाला काय दिले, याचा विचार करताना ही नोंद घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

टिळकांच्या भूमिकेविषयीही थोडे सांगतो. ते सैन्यभरतीच्या विरोधात नव्हते. हिंदी माणसाने लढावे, पण त्याला अधिकाऱ्याचा हुद्दा आणि देशाला स्वराज्याचा हक्क मिळावा, ही त्यांची अट होती. ऑगस्ट 1917 च्या निवेदनातच हिंदी लोकांना राजाचे कमिशन देण्यावरची बंदी उठवल्याचे जाहीर झाले, तरी प्रत्यक्षात ते मोजक्याच लोकांच्या वाट्याला आले. 10 जून 1918 रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी बोलावलेल्या युद्धपरिषदेत टिळक स्वराज्याचा मुद्दा काढू लागताच त्यांना अडवण्यात आले आणि ते सभागृह सोडून गेले. त्यानंतर त्यांनी गांधीजींकडे 50,000 रुपयांचा धनादेश पाठवून कळवले की, सरकारकडून हिंदी लोकांना कमिशन देण्याचे वचन मिळवून द्या, मी महाराष्ट्रातून 5,000 माणसे देतो, न दिल्यास ही रक्कम दंड समजा. गांधीजींनी तो परत केला. कूतहून माणसे कशी परतत होती, हे तोवर साताऱ्यातील घराघरांत पोहोचले होते. तरीही टिळक ही पैज लावत होते. यावरून कमिशनच्या प्रश्नाला ते किती महत्त्व देत, हे दिसते.

दप्तरदारांनी विचारलेल्या दिशेच्या प्रश्नावर माझे उत्तर असे की घोषणेची दिशा लखनौने आणि बेळगावने ठरवली असेल, पण 'हिंदी शिपायाचे रक्त आणि हिंदी प्रजेचा पैसा घेऊन तुम्ही कारभार असा केलात' हे म्हणण्याचा अधिकार मेसोपोटेमियाने दिला. 1917 मध्ये हिंदुस्थानच्या तिजोरीतून युद्धासाठी 10 कोटी पौंडांची देणगी देण्यात आली होती, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे.

दप्तरदार :

माणदेशी यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे. 'अधिकार दिला' ही मांडणी मला 'घोषणा घडवून आणली' या मांडणीपेक्षा पुराव्याला धरून वाटते. एक भर घालतो. अहवालात ज्यांच्यावर ठपका होता, त्यांपैकी हार्डिंज तोवर लंडनमध्ये परराष्ट्रखात्याचे कायम सचिव झाले होते. त्यांनी राजीनामा देऊ केला, पण परराष्ट्रमंत्री बाल्फर यांनी तो स्वीकारला नाही. म्हणजे ज्याने पद सोडले, तो चेंबरलेन, यादीतील कमी दोषी माणूस होता. सरकारला मंत्री बदलणे परवडले, नोकरशाहीला हात लावणे परवडले नाही. 1919 च्या कायद्यातील द्विदल पद्धतीत, म्हणजे प्रांतांची खाती मंत्री आणि गव्हर्नर यांत वाटण्याच्या पद्धतीत, अर्थ आणि कायदा-सुव्यवस्था ही खाती गव्हर्नरांच्या हातीच का राहिली, याचे उत्तर शोधताना मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

शिवारवाट :

दप्तरदार, तुमची दुरुस्ती योग्य आहे आणि पुढील मांडणीत मी तीच वापरीन. हार्डिंज यांच्याविषयीचा मुद्दा स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा आहे, तो तुम्हीच काढावा अशी विनंती करतो.

येथे एक काम सर्वांनी मिळून करता येईल, असे सुचवतो. बसरा स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर अज्ञात असलेल्या सुमारे 40,000 लोकांची नोंद आहे. 1929 मध्ये ते उभारताना ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांची मात्र पलटणनिहाय केवळ संख्या कोरण्यात आली. हे स्मारकही 1997 मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेले गेले. नावे शोधायची, तर ती आपल्याकडच्या गावांत शोधावी लागतील. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांत कित्येक गावांच्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत '1914–1919 च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले' अशा मजकुराचा संगमरवरी दगड बसवलेला आहे. आपल्या गावी असा दगड असल्यास त्यावरचा मजकूर जसाच्या तसा, गाव आणि तालुक्याच्या नावासह येथे टंकावा. घरात जुने डिस्चार्ज प्रमाणपत्र, पेन्शनचे कागद किंवा पदक असल्यास पलटणीचा क्रमांक पाहावा : 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या पलटणी 1922 मध्ये एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री करण्यात आली, त्यामुळे त्या सालानंतरच्या कागदांवर जुने क्रमांक सापडणार नाहीत. पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. ती आधी वाचून घ्यावी आणि पदक पॉलिश मुळीच करू नये, कारण घासून ती अक्षरे पुसट होतात.